रायडिंग जॅकेट घेताय? आधी उलटं करून बघा

दुकानात जॅकेट हातात घेतलं की बहुतेक जण पहिल्यांदा कोपर दाबून बघतात. आत काहीतरी घट्ट लागलं की समाधान होतं. विक्रेताही सांगतो, ‘लेव्हल टू सीई आहे, बिनधास्त घ्या.’ त्याचं म्हणणं खोटं नसतं, पण ते अर्ध्याच जॅकेटबद्दल असतं. सीई म्हणजे युरोपच्या सुरक्षा नियमांत बसल्याची खूण, आणि तो शिक्का आत घातलेल्या पॅडवर मारलेला असतो. पॅड ज्या कापडात बसवलाय ते कापड आणि त्याची शिवण डांबरावर किती टिकेल, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. कापड फाटलं तर पॅड जागेवर राहत नाही, आणि मग तो कितीही चांगला असला तरी उपयोग शून्य.

बाइकवरून पडताना अंगावर दोन वेगवेगळी संकटं येतात. आधी माणूस आपटतो, मग घसरत जातो. आर्मर, म्हणजे आत घातलेले हे पॅड, आपटण्यासाठी असतं, कापड घासण्यासाठी. जॅकेट निवडताना या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा करायचा.

आपटण्याचा हिशेब पुष्कळांना चुकीचा माहीत असतो. बाइकवर बसल्यावर खांदा जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच असतो. तिथून खाली येताना जमिनीला टेकेपर्यंत खालच्या दिशेचा वेग ताशी १७-१८ किलोमीटर होतो. बाइक ३० ने चालली होती की ८० ने, याने या आकड्यात फरक पडत नाही, कारण तो उंचीवर ठरतो. म्हणजे ‘मी तर गावातल्या गावातच चालवतो’ म्हणणाऱ्याचा खांदा आणि हायवेवरच्या माणसाचा खांदा रस्त्यावर सारख्याच जोराने आदळतो. हायवेवर पुढे काही आडवं आलं तर गोष्ट वेगळी, पण नुसतं पडण्यापुरतं आर्मर शहरातही तितकंच लागतं.

घसरण्याचं तसं नाही. तिथे वेगाचा वर्ग येतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. कपडे आणि कोरडा रस्ता यांच्यातलं घर्षण ०.७ धरलं, तर ताशी ६० च्या वेगाने पडलेला माणूस साधारण २० मीटर घसरतो आणि थांबायला त्याला अडीच सेकंद लागतात. वेग ८० असेल तर अंतर ३६ मीटरपर्यंत जातं, वेळ सव्वातीन सेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं. पण साधा सुती शर्ट किंवा विंडचीटर यातला पहिला सेकंदही नीट काढत नाही. उरलेला वेळ कातडी घासली जाते.

आर्मरवरचे आकडे

कोपर आणि खांद्याच्या आर्मरला युरोपचं ईएन १६२१-१ हे मानक लागू होतं. चाचणी समजायला सोपी आहे. पॅड एका घट्ट ऐरणीवर ठेवतात आणि त्यावर ५ किलोचं वजन एक मीटरवरून सोडतात. पॅडमधून खाली किती जोर पोचला ते मोजतात. तो सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत असेल तर लेव्हल वन, २० च्या आत असेल तर लेव्हल टू. साडेतीन टन आणि दोन टन वजनाने क्षणभर दाबल्यासारखा हा जोर आहे. लेव्हल टू घातलं म्हणजे हाड मोडणारच नाही, असा अर्थ काढू नका. पण दोन्हींतला फरक मोठा आहे आणि किमतीतला फरक त्या मानाने कमी.

पॅड खिशातून बाहेर काढा आणि त्यावर कोरलेली खूण वाचा. बाइकस्वाराच्या लहानशा चित्राशेजारी एस म्हणजे खांदा, ई म्हणजे कोपर, पुढे १ किंवा २ हा लेव्हलचा आकडा, आणि ए किंवा बी हा आकार. ए छोटा, बी मोठा. उंचपुऱ्या माणसाच्या कोपराला ए कमी पडतो. पॅडवर नुसतं ‘सीई’ असेल आणि १६२१ हा आकडा कुठेच नसेल, तर तो साधा फोम समजून चाला.

आणखी एक खूण महाराष्ट्रात फार महत्त्वाची आहे, पण तिच्याबद्दल दुकानात सहसा कुणी सांगत नाही. ती म्हणजे टी-प्लस. आर्मरची नेहमीची चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. हल्लीचे मऊ पॅड, म्हणजे सावकाश दाबले तर वाकतात आणि एकदम ठोकले तर घट्ट होतात ते, तापमानाप्रमाणे बदलतात. उन्हात ते जास्त मऊ पडतात, थंडीत लाकडासारखे होतात. टी-प्लस खूण असेल तर तो पॅड ४० अंशांवरही तपासून पास झालेला असतो. टी-मायनस असेल तर उणे १० अंशांवर. मे महिन्यात चंद्रपूर किंवा जळगावात काळ्या जॅकेटमधला पॅड कितपत तापत असेल, याचा विचार करा आणि टी-प्लस आहे का ते विचारा. लडाखला जाणाऱ्यांनी टी-मायनस बघावी.

आता पाठीकडे. इथे सर्रास फसगत होते. बऱ्याच जॅकेटांत पाठीला पॅड असतो खरा, पण तो पोळीसारखा पातळ, हलका, एका हाताने चुरगळता येईल असा फोम असतो. फोटोत आणि दुकानात जॅकेटचा आकार उठून दिसावा एवढंच त्याचं काम. पाठीसाठी ईएन १६२१-२ हे वेगळं आणि जास्त कडक मानक आहे. तिथे लेव्हल वनला १८ आणि लेव्हल टूला ९ किलोन्यूटन अशी सरासरीची मर्यादा आहे. तो फोम काढा आणि १६२१-२ लिहिलेला पॅड वेगळा विकत घ्या. घेण्याआधी जॅकेटच्या पाठीतल्या खिशाची लांबी-रुंदी टेपने मोजून न्या, कारण प्रत्येक कंपनीचा खिसा निराळा असतो आणि सैल खिशात पॅड तिरका होतो. लांबीही बघा. बसल्यावर पॅड कमरेपर्यंत यायला हवा, नुसत्या खांद्यांच्या मध्ये अडकून राहिलेला नको. आणि हेही स्पष्ट लक्षात ठेवा की पाठीचा पॅड थेट मार झेलतो. पडताना कणा पिळवटला किंवा वाकला तर तिथे त्याचा इलाज चालत नाही.

जॅकेटचं स्वतःचं लेबल

आता मुख्य गोष्ट. जॅकेट उलटं करा आणि आतल्या शिवणीवरचं कापडी लेबल शोधा. त्यावर ईएन १७०९२ लिहिलंय का? हे मानक २०२० मध्ये आलं आणि ते पॅडचं नसून अख्ख्या जॅकेटचं आहे. त्याच्या पुढे एए किंवा ए असं एखादं अक्षर असेल. ट्रिपल ए सर्वांत वरचा दर्जा, मग डबल ए, मग ए. बी म्हणजे कापड ए च्या तोडीचं, पण आर्मरशिवाय. सी म्हणजे नुसतं आर्मर धरून ठेवणारी जाळी, कपड्यांच्या आत किंवा वर घालायची. सी दर्जाला घासण्यापासून संरक्षणाचा दावाच नसतो.

यातली घासण्याची चाचणी डोळ्यांसमोर आणा म्हणजे अक्षरांचा अर्थ कळेल. फिरत्या दांड्यांच्या टोकाला कापडाचे तुकडे ताणून बसवतात, दांडे ठरलेल्या वेगाने फिरवतात आणि फिरते फिरतेच ते काँक्रीटच्या लादीवर सोडून देतात. घासत घासत ते आपोआप थांबतात. थांबल्यावर कापडाला ५ मिलिमीटरपेक्षा मोठं भोक पडलेलं नसेल तर पास. खांदा-कोपरासारख्या सर्वांत धोक्याच्या भागासाठी सुरुवातीचा वेग ए ला ताशी सुमारे ४५ किलोमीटर, डबल ए ला ७०, ट्रिपल ए ला १२०. धोका कमी असलेल्या भागांसाठी मर्यादा खाली येते. डबल ए जॅकेटच्या मध्यम धोक्याच्या भागात ती ४५ असते आणि सर्वांत कमी धोक्याच्या भागात २५. म्हणून एकाच जॅकेटमध्ये खांद्यावर जाड कापड आणि छातीवर जाळी दिसते. ती काटकसर नाही, मानकाने दिलेली मुभा आहे. मात्र हे यंत्रावरचे आकडे आहेत. डबल ए घातलं म्हणजे सत्तरपर्यंत काही होत नाही, असा करार रस्त्याने केलेला नसतो.

आपल्याकडे हेल्मेटला आयएस ४१५१ आणि आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे. जॅकेटला तशी कसलीच सक्ती नाही, त्यामुळे कुणीही जाळीचं कापड शिवून, खिशात फोम घालून ‘रायडिंग जॅकेट’ म्हणून विकू शकतो. म्हणूनच हे युरोपीय लेबल उपयोगाचं आहे. काही भारतीय कंपन्याही आपली जॅकेटं त्यानुसार तपासून घेतात. लेबल खरं असेल तर सोबत माहितीपुस्तिका मिळते आणि त्यात अनुरूपतेचं घोषणापत्र, म्हणजे जॅकेट मानकात बसतं असं कंपनीने दिलेलं लेखी पत्र, किंवा ते कुठल्या संकेतस्थळावर आहे याचा पत्ता असतो. दोन्ही नसेल तर विचारा. उत्तर देताना विक्रेता पुन्हा आर्मरकडे वळला, तर काय ते समजून घ्या.

लेबल नसलेलं जॅकेट टाकाऊच असतं असं नाही. बजेट आठ हजारांच्या आत असेल तर पुष्कळदा तेच हाती येतं. अशा वेळी कापड आणि शिवण स्वतः तपासावी लागते.

कापडावर ६०० डी, ५०० डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे हा जाडीचा आकडा झाला, मजबुतीचा नाही. ५०० डेनियरचं चांगलं नायलॉन ६०० डेनियरच्या साध्या पॉलिएस्टरपेक्षा घासायला चिवट असतं. कॉर्ड्युरा या चिवट कापडाच्या ब्रँडची चिठ्ठी लटकत असेल तर ते कापड नेमकं कुठे वापरलंय ते विचारा. कधी कधी ते फक्त कोपराच्या ठिगळापुरतं असतं. कातडं वितळत नाही, १.२ ते १.४ मिलिमीटर जाडीचं गाईचं कातडं अजूनही घासण्याला फार चांगलं टिकतं. पण कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर पावसाळ्याचे चार महिने त्यावर बुरशी येऊ न देणं हे एक वेगळं कामच होऊन बसतं.

शिवण बघायची ती कोपराच्या बाहेरच्या बाजूची आणि खांद्याच्या टोकाची. दोन्ही अंगठ्यांनी शिवणीच्या दोन बाजू हलकेच ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला किंवा दोरा सैल होऊन वर आला तर जॅकेट परत ठेवा. एकच टाक्याची ओळ असेल आणि ती कोपराच्या अगदी टोकावरून जात असेल, तर रस्त्याला पहिला तोच दोरा लागणार. तो तुटला की बाही उकलत जाते. चांगल्या शिलाईत कापडाची एक घडी दुसरीवर येते, आतली ओळ झाकलेली राहते आणि बाहेरची झिजली तरी आतली धरून ठेवते.

माप

हे सगळं तपासून घेतलेलं उत्तम जॅकेट एक साइज मोठं असेल तर बहुतेक मेहनत वाया गेली. आपल्याकडे कपडे थोडे सैल घ्यायची सवय आहे, त्यात ‘आत स्वेटर घालता येईल’ हा विचार. पडताना सैल बाही वर सरकते, पॅड कोपरावरून बाजूला जातो आणि कोपर उघडं पडतं. आर्मर होतं आणि तरी कोपर फुटलं, यामागचं कारण पुष्कळदा पॅडच्या दर्जापेक्षा मापात असतं.

जॅकेट उभं राहून बघायचं नाही, बसून बघायचं. जमलं तर स्वतःची बाइक दुकानाखाली लावा आणि जॅकेट घालून, सगळ्या चेन लावून, हँडल धरून पाच-दहा मिनिटं बसा. हात पुढे गेल्यावर बाही मनगटाच्या हाडापर्यंत उरली पाहिजे, म्हणजे ग्लोव्ह आणि बाही यांच्यात कातडी दिसणार नाही. पुढे वाका आणि मागून कंबर उघडी पडते का ते दुसऱ्याला बघायला सांगा. कॉलर गळ्यात रुतते का. उभं राहिल्यावर छातीत आणि पाठीत किंचित आवळल्यासारखं वाटणं चालतं, बसल्यावर ते मोकळं होतं. उलट, उभं असताना ऐसपैस वाटणारं जॅकेट बसल्यावर पोटावर फुगतं आणि ताशी ८० ला फडफडत राहतं.

मग पिळून बघा. डाव्या हाताची मूठ हँडलवर असल्यासारखी धरा आणि उजव्या हाताने डाव्या कोपरावरचा पॅड कापडासकट पकडून हाताभोवती फिरवायचा प्रयत्न करा. तो दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकून कोपराच्या टोकावरून निघाला तर बाही सैल आहे. दंडावरचा आणि कोपराखालचा पट्टा आवळून पुन्हा करा. तरी सरकला तर खालची साइज मागा. खांद्यालाही हेच. पॅडचा मध्य खांद्याच्या टोकावर यायला हवा. तो दंडावर उतरला असेल तर जॅकेट मोठं आहे.

बायकांना पुरुषी मापातलं ‘स्मॉल’ दिलं जातं ते याच कारणाने चुकीचं. खांदे रुंद राहतात, पॅड दंडावर घसरतो आणि खाली कंबर मात्र आवळते. बायकांच्या मापाचं वेगळं जॅकेट मिळतं, त्याचाच आग्रह धरा. मागे बसणाऱ्यालाही हेच सगळं लागू आहे. रस्ता सीट बघून घासत नाही.

ऊन आणि पाऊस

ज्या जॅकेटमध्ये उकडतं ते दोन महिन्यांत खुंटीवर जातं, म्हणून हवामान हा चैनीचा मुद्दा नाही. आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने जाळीचं जॅकेट सोयीचं. पण जाळी कुठे असावी? छाती, पाठ आणि बाहीच्या आतल्या बाजूला. खांद्यावर आणि कोपराच्या बाहेरच्या अंगाला जाळी असेल तर हवा छान लागेल, पण घासण्याच्या नेमक्या जागी कापडच नसेल.

कोकणातलं ऊन आणि विदर्भातलं ऊन यांना जॅकेट वेगवेगळं वापरावं लागतं. रत्नागिरीत हवा दमट, घाम वाळत नाही. तिथे जितकी हवा अंगावर येईल तितकं बरं, सगळं उघडं ठेवा. नागपुरात मे महिन्यात हवाच ४४-४५ अंशांची असते आणि आपली त्वचा ३४-३५ अंशांची. म्हणजे अंगावर येणारा वारा थंड करत नाही, तापवतो. थंडावा मिळतो तो फक्त घाम उडून जाण्याने. कोरड्या वाऱ्यात तो इतका झपाट्याने उडतो की घाम आलेला कळतही नाही आणि अंगातलं पाणी संपत जातं. अशा वेळी आतला सुती टी-शर्ट पाण्यात भिजवून, पिळून घाला आणि जॅकेटच्या अर्ध्या चेन बंद ठेवा. ओल सावकाश वाळते आणि बराच वेळ गार वाटतं. टी-शर्ट वाळला की थांबा, पाणी प्या, पुन्हा भिजवा. जॅकेट काढून नुसत्या शर्टावर जाणं या हवेत उलट जास्त त्रासाचं ठरतं, कारण लू थेट अंगाला लागते.

रंग काळाच का, हाही प्रश्न विचारा. फिकट राखाडी जॅकेट उन्हात कमी तापतं आणि संध्याकाळी ट्रकवाल्याला लवकर दिसतं. मळतं जास्त, हे खरं.

पावसासाठी दोन मार्ग आहेत आणि आपल्या पावसाला त्यातला एकच नीट चालतो. आतून लावायचा रेन लायनर तुम्हाला कोरडं ठेवतो, पण बाहेरचं जॅकेट चिंब होतं. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या पावसात ते दुप्पट जड वाटतं, वाऱ्याने गार पडतं, बाहेरच्या खिशातला मोबाइल भिजतो आणि दुसऱ्या दिवशी तेच ओलं अंगावर चढवावं लागतं. शिवाय पाऊस आला की रस्त्याच्या कडेला जॅकेट काढून लायनर लावेपर्यंत माणूस भिजलेला असतो. त्यापेक्षा जॅकेटवरून घालायचा, एक साइज मोठा, शिवणींना आतून टेप मारलेला, भडक रंगाचा रेनकोट घ्या. बाही ग्लोव्हच्या वरून येऊ द्या. आत खोचलीत तर कोपरावरून ओघळलेलं पाणी थेट ग्लोव्हमध्ये साठतं. लायनर फेकू नका. थंडीच्या पहाटे तो वारा अडवायला उत्तम.

बजेट बेताचं असेल तर पैसे कुठे घालायचे याबद्दल आमचं मत पक्कं आहे. नीट बसणारं साधं जॅकेट, त्यात लेव्हल टूचा पाठीचा पॅड, आणि रायडिंग पॅन्टसाठी राखून ठेवलेली रक्कम. पंधरा खिसे, तीन लायनर आणि छातीवरचं मोठं नाव यांना पडताना काही काम नसतं. खिशांबद्दल एवढंच, की छातीच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवू नका, पडल्यावर तो बरगडीत घुसतो. पाठीवरच्या सॅकमध्ये कुलूप, पाना, चार्जर असं टणक काही नको, तेही याच कारणाने.

धुताना आर्मर सगळं बाहेर काढा. बादलीत थंड किंवा कोमट पाणी, थोडासा सौम्य द्रव साबण, अर्धा तास भिजवून हाताने चोळा. ब्लीच आणि कपडे मऊ करण्याचं द्रावण नको. पिळायचं नाही, लटकवून सावलीत वाळवायचं. पॅड ओल्या फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका आणि उन्हात ठेवू नका. एखादा पॅड पडल्याने दबला असेल, भेगाळला असेल किंवा कडक झाला असेल तर बदला. बाहेरून ठीक दिसणारा, पण जोराचा मार खाल्लेला पॅडसुद्धा बदलायचाच. परत घालताना बहुतेक चुका होतात. डावा-उजवा खांदा उलटा जातो, कोपराच्या पॅडची वाटी बाहेरच्या बाजूला येते किंवा खिशात पॅड दुमडून बसतो. खोलगट बाजू अंगाकडे, रुंद टोक वर, आणि खिशाचा वेल्क्रो शेवटपर्यंत बंद. मग जॅकेट घालून, मूठ धरून, कोपर एकदा पिळून बघा.